तिन

बाजारात आमच्या जागा ठरलेल्या.
चिंचेखाली मी, लाखोळीची डाळ आणि मिरची घेऊन.
डाव्या हाताला कॅम्पातली पारुलबाला,
टोपल्यात रोहू, रोहूवर ओलं गोणपाट.
उजवीकडे जुरी पुंगाटी.
तिचा माल दर गुरुवारी वेगळा:
कधी डिंक, कधी चार, कधी नुसत्या पत्रावळी,
आणि एकदा एक कोंबडी, जी तिला विकायची नव्हती.

पहिल्याच उन्हाळ्यात माझी मिरची जिभेला लावून
पारुल ओरडली, "झाल! झाल!"
मी म्हटलं, "काय झालं वं?"
ती डोळे पुसत, "झाल!"
पाणी द्यायचं सोडून मी विचारतच राहिले,
काय झालं, कोणाले झालं.

जुरीनं टेंभरांचा द्रोण पुढे सारला.
"तिन," म्हणाली.
आम्ही तीन-तीन उचलली.
"तिन," पुन्हा म्हणाली.
अजून तीन.
द्रोण रिकामा होईस्तोवर आम्ही दोघी इमानदारीनं मोजत होतो
आणि ती पदर तोंडात कोंबून हसत होती.
पावत्या फाडणाऱ्या पोरानं सांगितलं शेवटी:
"मावशी, तिच्या बोलीत तिन म्हंजे खा."

हेही सांगून टाकते.
फळं मी खाल्ली, कारण फळाला साल असते.
तिच्या तुंब्यातला जावा मात्र दोन वर्षं घेतला नाही.
कधी पोट सांगितलं, कधी उपास,
एकदा तर सोमवारचा उपास गुरुवारी सांगितला.
जुरी काही न बोलता तुंब्याला बूच लावायची.
पारुल घटाघटा प्यायची. म्हणायची,
"दिदी, आमाले गाडीतून उतरवलं तवा
गाठोडी मोजली बाबानं. एक कमी भरलं.
जात त्यातच राहिली असंल."

मग भाताच्या बांधीत निताईला साप चावला.
डावीकडची जागा तीन गुरुवार रिकामी.
चौथ्या गुरुवारी आम्ही दुकानं मांडलीच नाही,
काळीपिवळीत बसलो. जुरीच्या मांडीवर
पळसाच्या पानांचं पुडकं, वरून वेलीची गाठ.

पारुल पांढऱ्यात. समोर वाटीत गिचका भात,
उकडलेलं कच्चं केळं.
जुरीनं गाठ सोडली.
नाल्यातली मासोळी, निखाऱ्यावर भाजलेली,
मिठाचे खडे अजून कातडीला चिकटलेले.

मला ठाऊक होतं. जुरीला नव्हतं.
मी तिचा कोपर ओढला. पण सांगू कशात?
"नवरा मेला की ह्यांच्यात मासोळी बंद"
एवढं लांब वाक्य माझ्याकडे तिच्या बोलीत नव्हतं.
माझ्याकडे एकच शब्द होता, आणि तोच ती म्हणाली:
"तिन."

दारात मोठी जाऊ उभी होती.
तिनं पानाकडे पाहिलं, पारुलकडे पाहिलं.
मग कोपऱ्यातली घागर कमरेवर घेतली
आणि विहिरीवर निघून गेली.
घागर भरलेली होती.
उंबऱ्यावर पाणी हिंदकळलं, ते मी पाहिलं.

पारुलनं काटा काढला. एक घास.
दुसरा. मग बराच वेळानं तिसरा.
हात पानावरून मागे घेतला.
"तीन," म्हणाली,
आपण मोजताना म्हणतो तसं.

जुरी हसली नाही.
तिनं तुंब्याचं बूच काढलं,
आणि कुणी विचारायच्या आत
मी ओंजळ पुढे केली.
जावा आंबट होता, गार,
जरासा धुराचा. कोपरापर्यंत ओघळला.

पुढल्या बाजाराला पारुल आली.
रोहू वीस रुपयांनी महाग केला होता.
गिऱ्हाइकं विचारत, "दिसली नाईस वं, काय झालं?"
मान खाली, विळ्यावर खवले काढता काढता
ती एकच शब्द बोलायची.
झालं म्हणाली की झाल,
मला बाजूला बसूनही नीट कळलं नाही.