सात वेळा, मग घरी

तीन तारे द्यायचे, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं.
जाळं भरलं तर तीन, अर्धं आलं तर एक,
रिकामी होडी परतली तर नुसतं
'पुन्हा करून बघ', तेही हिरव्या अक्षरांत,
लाल रंगाला मुलं बिचकतात म्हणून.

खेळ साधा. रात्रीचं सरोवर, होडीत कंदील,
उजेडाला भुलून वर येणारी ओमेना मासळी.
मुलांनी आज्ञा रचायच्या: जाळं टाक, ओढ, मोज,
आणि हे सगळं
जाळं भरेपर्यंत पुन्हा पुन्हा.
'लूप' हा शब्द चौथ्या पातळीपर्यंत आम्ही तोंडातून काढत नाही.
औषध गुळातून.

दुंगाच्या शाळेत सोळा संगणक, चाळीस मुलं.
गुणफलकावर अदोंगो सगळ्यांत वर,
चोपन्न तारे, सोनेरी सुकाणू, वल्ह्याचा बिल्ला.
तिची जुळी बहीण अपियो, घटकाभर आधी जन्मलेली,
सगळ्यांत खाली.
सहावी पातळी, एकोणीस प्रयत्न,
एकोणीस वेळा एकच तारा.
मी वहीत लिहिलं: अट समजलेली नाही. इशारा लवकर द्यावा.

मग तिच्या बाकावर जाऊन बसले.
आज्ञा स्वच्छ होत्या, एकाखाली एक,
फक्त 'जाळं भरेपर्यंत'च्या जागी
तिनं लिहिलं होतं: सात वेळा. मग घरी.

सातच का गं?

तिनं पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.
आठव्या फेरीला तिथून एक ढग सरकत येतो.
ओडेरानं काढलाय, आभाळ ओकंबोकं दिसू नये म्हणून.
खेळाला तो दिसत नाही.
आमच्या आज्ञांत त्याला नावच नाही.

"असा ढग त्या अंगानं आला," ती म्हणाली,
"की बाबा अर्ध्या जाळ्यानिशी वळतात."

मग एकोणीस वेळा तेच का केलंस?

"मला वाटलं,
यंत्राचं मोजायला चुकत असेल."

त्या रात्री मी ढगाला नाव दिलं.
पहाटेपर्यंत चार पातळ्या मोडल्या,
भरल्या जाळ्यांचे तारे गळाले,
अदोंगोचेही, चोपन्नातले नऊ.
ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

अपियोनं आपले तीन तारे
पाहिले न पाहिल्यासारखे केले,
खुर्ची जरा पुढे ओढली
आणि विचारलं,
कंदिलातलं तेल
किती फेऱ्या पुरतं?