हरकत आहे

नागाळा पार्कात, झेरॉक्सच्या दुकानात
पानाला दोन रुपये मोजून
मी ते विधेयक घेतलं. तीनच पानं.
नोकरभरतीतला राखीव वाटा, रद्द.
कंत्राटांतला राखीव वाटा, रद्द.
खाली बारीक अक्षरांत :
हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी.
पोरगा म्हणाला, स्टेपल मारू का ताई?
म्हटलं, मार. तेवढंच जरा जड लागेल हाताला.

आमच्या घरात हा शब्द शेपटीसकट शिकवला.
पगार दोन महिने तटला, बा म्हणायचा, हरकत नाही.
मस्टरवर आवळेचं आवळा झालं, हरकत नाही.
जयंती नाल्यात कमरेएवढा उतरायचा,
वर येताना कुणी हात द्यायचं नाही,
कठड्याला धरून, हरकत नाही म्हणत
वर यायचा.

बत्तीस वर्षं.
कुठलं चेंबर कधी तुंबतं,
कुठल्या पुलाखाली पाणी आधी फुगतं,
सगळं त्याच्या पोटऱ्यांना पाठ.
मी डिप्लोमा करून पहिलं टेंडर भरलं
त्यात रकाना होता : तत्सम कामाचा अनुभव.
बा शेजारीच बसला होता, नखं साफ करत.
मी लिहिलं, शून्य.

अनुभव नाही म्हणून काम नाही,
काम नाही म्हणून अनुभव नाही;
आधी कोंबडी का आधी अंडं
हे भांडण आम्ही कशाला करावं,
खुराडंच दुसऱ्याचं.

राखीव वाट्यातून काय मिळालं ते सांगते.
नाल्याकाठची सत्तर मीटर भिंत.
मापं घ्यायला आलेले साहेब हातोडीनं ठोकून
कान लावून ऐकत राहिले,
कलिंगड घेताना बाई ऐकते तसे.
मग पूर आला. पंचगंगेनं नाला मागं रेटला.
भिंत उभी राहिली.
आणि खोटं कशाला बोलू,
पुढच्या साली माझं एक चेंबर खचलं.
पदरचे घालून नीट केलं.
इंगवल्यांचा रस्ताही त्याच पावसात उखडला होता.
त्यांचा तडा रस्त्याला गेला.
माझा थेट जातीला.

यशवर्धन इंगवले. पाकिटं फोडताना शेजारी बसतो.
म्हणतो, गुणवत्तेवर होऊ दे की वहिनी, घाबरताय कशाला?
रोलर आजोबाचा, खडी चुलत्याच्या क्रशरची,
बँकेच्या हमीवर मामाची सही.
माझ्या बयाणा रकमेत भिशीच्या अकरा बायका आहेत,
त्यातल्या दोघी अजून रस्ता झाडतात.
वाईट माणूस नाही तो.
पुरात आमच्या गल्लीला त्यानं चार दिवस दूध पोचवलं.
पण दूध देणं वेगळं
आणि म्हशीच्या बाजारात उभं राहू देणं वेगळं.

आणि हे कुठं चाललंय, तर कोल्हापुरात.
अर्ध्या जागा राखून ठेवा असा हुकूम
सव्वाशे वर्षांमागं ज्या गावातनं निघाला, त्या गावात.
त्या दिवसाची मिरवणूक अजून निघते.
इंगवल्यांचा फ्लेक्स सगळ्यात मोठा असतो.

म्हणतात, किती पिढ्या घेणार?
मी बोटं मोजली.
आजा नाल्यात. बा नाल्यात.
मी नाल्याच्या काठावर, हातात लेव्हल घेऊन.
एक.
एका पिढीत तुमचं पोट भरलं?

रात्री अर्ज लिहायला बसले.
बा खाटेवर. ऐकू कमी येतं, तरी ओरडून विचारलं,
लिहू का?
बराच वेळ छताकडं बघत राहिला.
मग म्हणाला, हरकत...
आणि खोकला आला.
पुढच्या शब्दाची मी वाट बघितली नाही.
लिहिलं, आहे.

सकाळी खिडकीवर दिला. आवक नंबर घेतला.
शिक्का तिरका पडलाय,
पण तारीख वाचता येते.