शेकडा चार

शिरोलीत आमच्या शेडात भिंतीवर काळी पाटी आहे,
खडूनं रोज आकडा बदलतात : रिजेक्शन, शेकडा चार.
चारच्या वर गेलं की सुपरवायझर चौगुले
अर्धा चहा ठेवून उठतात.

परवा निशिगंधानं मोबाईल पुढं धरला.
आई, हे बघ, शंभरात चौघांनाच पूर्ण फी माफ.
म्हटलं, मग शहाण्णव रिजेक्ट?
हसली. रिजेक्ट नव्हं गं,
त्यांनी पैसे भरायचे.

वर्षाला अकरा लाख चाळीस हजार, जेवण धरून.
बावड्यातली आमची गल्ली मी मनात मोजली :
गिरणीपासून विहिरीपर्यंत सहा घरांचे पगार
एका परातीत ओतले तर होतील एवढे.
मग सहा घरांनी वर्षभर खायचं काय,
तो रकाना फॉर्मात नाही.

राजारामपुरीत एक सर आहेत,
काचेची केबिन, कुंडीत प्लॅस्टिकचा बांबू.
चान्स किती, एवढंच विचारायला गेलो होतो.
म्हणाले, मार्क सगळ्यांनाच असतात, ताई,
निबंधात माणूस रडला पाहिजे.
वडील नाहीत ना हिला? मग सुरुवात तिथूनच.
आणि आईचे हात लिही, पोरी,
हे बघ, केवढे भाजलेत.

मी हात टेबलाखाली घेतले.
दोन हजार झाले त्या सल्ल्याचे. पावती नाही.

केएमटीत जागा होती, तरी ती उभीच राहिली.
दसरा चौकात बस थांबते
तेव्हा मी नेहमी बोर्डिंगाकडं बघते.
माझे आजोबा तिथं राहून सातवी झाले.
तुझं दुःख साडेसहाशे शब्दांत सांग
असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.
भाकरी किती लागतात, विचारलं म्हणे.
आजोबा लाजून दोन म्हणाले,
आणि पुढं चार वर्षं चार खाल्ल्या.

रात्री दीड वाजता तिनं मला उठवलं.
इंग्रजीतलं मराठीत करून वाचत गेली, अडखळत.
बाप एका ओळीत होता, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये.
हात नव्हते.
कोअरचं लिहिलं होतं.
वाळूत सिलिकेट कालवायचं, पेटीत ठोकायचं, गॅस सोडायचा,
दगडासारखा गाभा होतो.
तो साच्यात ठेवतात, भोवतीनं लोखंड ओततात,
लोखंड निवलं की गाभा फोडून झटकून टाकतात.
राहते ती पोकळी. तिच्यातनं तेल फिरतं, पाणी फिरतं,
इंजिन चालतं.
गिऱ्हाईक पैसे पोकळीचेच देतं,
बिलावर मात वजन लोखंडाचं.

एकोणीस वर्षं मी हेच करते.
मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

विचारलं, यात मी कुठाय?
म्हणाली, नाहीस.
आणि परत स्क्रीनकडं बघत बसली.
मी म्हटलं, शेवटचं परत वाच.

सर म्हणाले, फार कोरडं आहे, चान्स कमी.
चौगुल्यांना दाखवलं. ते म्हणाले,
एकदा आपला अख्खा लॉट रिजेक्ट झाला होता, आठवतंय?
नंतर कळलं, गेजच झिजलेला.
मग त्या लॉटचं काय झालं, मी विचारलं नाही.
मला माहीत होतं. भट्टीत गेला होता.

निकाल एकवीस तारखेला, दुपारी चारला.
फोन आत न्यायची बंदी आहे, लॉकरमध्ये राहतो.
तिकडं चार वाजले
तेव्हा माझ्यापुढं बाविसावी पेटी होती,
मी वाळू ठोकत होते.

चौगुले पाटीपाशी उभे,
डोक्याला हात लावून ओरडले :
साडेपाच! आज साडेपाचवर गेलं की गं बायांनो!

सगळ्या गप्प झाल्या.
मी खाली बघून म्हटलं, मनातच,
जाऊ दे, अजून थोडं वर जाऊ दे.