हवेचं भाडं

दसऱ्याच्या आत
मला एक खोकं चपटं करायचं होतं.
पाव किलो चिवड्याचं. साधंच.
दुकानदार म्हणाला, गेल्या दिवाळीला
तयार खोक्यांचा टेम्पो भरून आला,
हिशेबाला बसलो तर काय,
भाडं निम्म्याहून जास्त हवेचं.

हवेचं भाडं आम्ही घरातच भरलेलं आहे.
गंज पेठेत, दहा बाय बाराच्या खोलीत
बाबा पुठ्ठ्याचे डबे करायचे, बांगड्यांचे,
खळ लावून, चारी कोपरे कागदी पट्टीनं बांधून.
वाळला की तो डबाच.
त्याला परत मिटता यायचं नाही.
छतापर्यंत थप्प्या, आत काहीच नाही,
आणि त्या काहीच-नाहीच्या मधल्या फटीत
आम्ही चौघं कुशीवर झोपायचो.
पाठीवर झोपायचं ते लग्नसराई संपल्यावर.

म्हणून मी घड्यांकडे वळले, असं सांगायला बरं वाटतं.
खरं तर नऱ्ह्यात नोकरी होती
आणि मला संगणक येत होता.

पडद्यावर पुठ्ठ्याला जाडी नसते.
रेघ दुमडली की दुमडली.
शेडमध्ये मात्र तीनशे जीएसएमचा पुठ्ठा
दर घडीला एक बारीक घास घेतो,
आणि शेवटची जीभ खाचेपाशी पोचते तेव्हा
अर्धा मिलिमीटर शिल्लक असतो, नडायला.
धाग्याची दिशा चुकली तर घडी फुटते,
छापलेल्या लाल रंगात पांढरी भेग.
मग कितीही दाबा.
डायवाले काशीद म्हणतात,
पुठ्ठ्याला उभं की आडवं ते आधी विचारावं.
माणसाला नाही विचारलं तरी चालतं.

चौथा नमुना घेऊन नफीसा चाचीकडे गेले.
बाबांकडे चौदा वर्षं खळ लावायची ती.
आता उजवा हात मांडीवर असतो,
कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा.
मी खोक्यावर बाण छापले होते,
एक, दोन, तीन, चार,
इथे दाबा, इथे खोचा.
तिनं उलटंसुलटं करून पाहिलं, हनुवटीखाली धरलं,
दातांनी जीभ ओढली,
परत दिलं.
म्हणाली, तुझं खोकं शिकलेलं आहे गं.
मी नाही.

रागानं नाही. चहा ठेव म्हणाली,
पातेलं डाव्या हाताला आहे.
तिच्या घरात सगळंच डाव्या हाताला होतं,
मिठाची बरणी, काडेपेटी, दाराची कडीसुद्धा
कुणाकडून तरी काढून दुसरीकडे ठोकून घेतलेली.
कडीच्या जुन्या जागी
दोन भोकं तशीच.

त्या रात्री तळ उसवला.
जीभ काढली, खाच काढली.
तळाच्या पाकळ्या कारखान्यातच तिरक्या चिकटवल्या,
म्हणजे एक कड पोटाशी टेकवायची,
दुसरी तळव्यानं ढकलायची,
बाकीचं खोक्यानं बघायचं.
डिंकाचे चार पैसे जास्त. दुकानदार कुरकुरला.
मी त्याला शंभर खोक्यांचा गठ्ठा दाखवला,
वीतभर उंच.
त्यानं वीत लावून पाहिली, स्वतःची,
मग माझ्या हाताकडे पाहिलं, मग गप्प.

बाण पुसले. आकडेही.
ज्याला हात आहे त्याला कळेल, म्हटलं,
आणि ज्याला एकच आहे त्यालाही,
आणि रात्री अकराला काउंटरमागच्या त्या पोराला
ज्याला काहीच वाचायचं नसतं.

पाचवा नमुना.
चाचीनं पोटाशी धरला, ढकलला.
खट्.
परत चपटा केला. परत ढकलला.
खट्.
अशी सात-आठ वेळा, माझ्याकडे न बघता.
शेवटी आत डोकावून पाहिलं,
नीट, चारी कोपऱ्यांपर्यंत,
आणि म्हणाली,
चिवडा?