सैल बाही

माझं काम जाळायचं आहे.
हडर्सफील्डमध्ये, कालव्यालगतच्या जुन्या गिरणीत,
तिसऱ्या मजल्यावर, सकाळी साडेआठला
मी कात्री हातात घेते.
नाइटी, गाउन, लहान मुलींचे परीचे पंख,
प्रत्येकातून एक वीतभर पट्टी.
आधी ब्रशने लव उलटी उभी करायची,
मग खालून ज्योत लावायची
आणि वर ताणलेला दोरा तुटेपर्यंत सेकंद मोजायचे.
पॉलिएस्टर वितळतं, थेंबाथेंबाने गळतं.
लवदार सुती कापडावरून मात्र ज्योत अशी पळते
जशी पोर शाळा सुटल्यावर.
मी लिहिते : अकरा. नऊ. साडेचार.
साडेचारला माझा साहेब, माल्कम, चष्मा कपाळावर सरकवतो.

फॉर्मवर त्यासाठी एकच शब्द आहे, बर्न.
माझ्याकडे घरून आणलेले पुष्कळ.
भाकरी भाजते. दूध करपतं. जीभ पोळते.
कढईचा चटका बसतो, आणि माणूस
होरपळतो.
शिवाय इचलकरंजीत, आमच्या गल्लीत,
‘स्टोव्हचा भडका उडाला’
हे एक अख्खं वाक्य होतं, पूर्णविरामासकट.
त्याच्यापुढे कुणी काही विचारायचं नाही.
शेवंतावहिनीचा स्टोव्ह पोलिसांनी नेला,
चौथ्या दिवशी परत आणून दिला.
तेराव्याचा चहा त्याच्यावरच झाला.
मी नऊ वर्षांची होते. दोन कप प्यायले.

हे मी मुलाखतीत सांगितलं नाही.
टेक्स्टाइलचा डिप्लोमा आहे, एवढंच म्हणाले.

शेजारच्या एडना हेप्टनस्टॉल, वय एक्क्याऐंशी,
माझी पार्सलं घेऊन ठेवतात,
माझं नाव ‘वैजू’ असं आखूड करतात
आणि मला ते चालतं.
नाताळाला मी त्यांच्यासाठी बाजारातून गाउन आणला,
जांभळा, बारा पौंडांचा.
गालाला लावून पाहिला.
बाहीत दोन हात मावतील इतकी सैल,
म्हटलं, म्हातारीला घालायला सोपा.
वर्षभर दुसऱ्यांची लेबलं वाचणारी मी,
त्या दिवशी सुट्टीवर होते.

जानेवारीत एका सकाळी
मागच्या बर्नरवरची किटली घ्यायला त्यांनी हात लांबवला.
पुढच्या बर्नरवर लापशी होती, आणि बाही.

वेकफील्डच्या इस्पितळात
खांद्यापासून बोटांपर्यंत पांढरं बांधलेलं.
मांडीची कातडी काढून दंडाला लावली होती,
नर्स ते असं सांगत होती
जसं आमच्याकडे शिंपी जोड लावायचं सांगतो.
एडना म्हणाल्या, ‘फार ऊबदार होता गं तो.
माझाच वेंधळेपणा.’
मी पाण्याचा ग्लास पुढे केला. स्ट्रॉ वाकवली.
शेवंतावहिनीच्या जबानीतही
तेच होतं म्हणतात :
माझीच चूक.

त्यांच्या मुलाने मला पिशवी दिली,
‘तू यातलीच ना, बघ काही कळतंय का.’
डावी बाही शाबूत होती.
मी ती प्रयोगशाळेत नेली, पट्टी कापली,
लव उभी केली. ज्योत.
दोरा तुटला.
घड्याळ पाहिलं, मग तक्ता पाहिला.
पुन्हा कापली. पुन्हा लावली.
तिसऱ्यांदाही तेवढेच सेकंद.
गाउन नियमात बसतो.
कॉलरच्या आत, धुण्याच्या सूचनांखाली,
नखाएवढ्या अक्षरांत लिहिलंही आहे,
आगीपासून दूर ठेवा.
लापशी कशावर करायची, ते नाही.

माल्कमने सही केली, पास.
शेरा लिहायच्या रकान्यात
मी पेन टेकवून बराच वेळ बसले.
तिथे शाईचा एक ठिपका आहे.

उरलेली बाही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
कधी कधी हात लागतो.
अजून मऊ आहे.