हरखणे : वाक्यात उपयोग करा

प्रश्न तिसरा, गुण दोन.
तुर्भे स्टोअरच्या रात्रशाळेत, खोली नंबर चार,
एक ट्यूब चालू, दुसरी नुसतीच लुकलुकणारी,
बाहेर मार्केटकडे वळणारे ट्रक
आणि माझ्या टेबलावर सतरा वह्या.

दिवाकर पासी लिहितो :
मी रोज सकाळी सात वाजता हरखतो.
असं वेळ लावून हरखता येत नाही, मी लाल पेनाने लिहिते.
मग वाटतं, सातला याला
आल्याचा चहा मिळत असेल कुठे तरी.
फुली अर्धीच ठेवते.

इब्राहिम बागवान : शेठने मला हरखले.
नाही रे बाबा. हे क्रियापद अकर्मक.
याला कर्म लागत नाही, कर्त्याला 'ने'ही लागत नाही.
शेठने दिले, शेठने कापले, शेठने हाकलले,
सगळं चालतं. हे चालत नाही.
ज्याचा तोच हरखतो.
'मग शेठचं काय काम?'
व्याकरणात काही नाही, मी म्हणते,
आणि मागचे दोन बाक उगाचच हसतात.

'बाई, हुरळणे आणि हरखणे एकच का?'
जवळजवळ.
पण हुरळते ती मेंढी, आणि लागते लांडग्याच्या पाठी.
हरखलेल्या मेंढीची म्हण आपल्याकडे नाही.
कुणी केलीच नाही.

याचा आज्ञार्थही होत नाही.
बस, ऊठ, लिही, चिठ्ठी दाखव,
पण 'हरख' म्हणून बघा कुणाला.
वर्तमानकाळातही ते फार वेळ टिकत नाही,
विचारायला जावं तर माणूस हरखून गेलेला असतो.
गेलेला म्हणजे कुठे,
ते पुस्तकात दिलेलं नाही.

तुळसा घोंगडे, वय एक्कावन्न.
लसूण सोलते, किलोवर.
बोटांची टोकं सोलवटलेली, म्हणून पेन्सिल
अंगठ्याच्या मुळाशी धरते
आणि तिचा ख कधी जुळत नाही,
र एकीकडे पडतो, व एकीकडे.
तिने लिहिलं होतं : माझी सून हररवली.
घाईत मी वाचलं, हरवली.
दचकून विचारलं, कधीपासून?
'घरातच आहे हो बाई, भाकऱ्या थापतीय.'
ख ला खालून गाठ मारायची, मी सांगितलं,
गोणीच्या तोंडाला मारता तशी.

बुधवारी ती उशिरा आली. बसली नाही.
कमरेची पिशवी सोडून काट्याची चिठ्ठी काढली,
चार घड्यांची, तेलकट.
'हे नऊच ना?'
नऊच होते.
'मुकादम तोंडानं सात म्हणतो. पैसे सातचे.
कागदावर नऊ.
दोन वर्षं मी त्याच्या तोंडावर चाललीय.
आज वाचलं. त्याच्या म्होरं वाचलं. मोठ्यानं.'

दिवाकरने हातातली वही मिटली.
मी म्हटलं, तुळसाबाई, फळ्यावर या.
प्रश्न तिसरा.

तिने खडू घेतला.
मी हररवले.
एक पाऊल मागे सरून, मान तिरकी करून
आपलंच अक्षर तिने परक्यासारखं पाहिलं,
मग पुढे होऊन, तिथेच, तळाशी,
एक रेघ अशी ओढली
की खडूचे दोन तुकडे झाले.

मी दोन गुण म्हणाले.
फळ्याला गुण देत नाहीत, हे मला नंतर आठवलं.

'आणि बाई,' ती हात पदराला पुसत होती,
सगळा वर्ग लसणाच्या वासाचा झाला होता,
'ते दोन किलो. रोजचे दोन, दोन वर्षांचे.
ते मिळतील, त्याला कुठला काळ लावायचा?'

भविष्यकाळ आम्ही
पुढच्या आठवड्यात घेणार होतो.