चाळीस खुर्च्या

पहिल्या गुरुवारी मी चाळीस खुर्च्या मांडल्या.
डंडी शहर, पर्थ रोड, चर्चच्या तळघरातला हॉल,
हीटर नुसताच खोकणारा,
काचेला नाक लावून उभं टे नदीचं धुकं.
आले सात.
त्यातला एक प्लंबर, चुकून आत शिरलेला.
तो सूप पिऊन गेला.

शेवगावात माझे पप्पा पाळक.
उपासनेआधी स्वतः सतरंज्या झटकायचे.
सतरंजीवर रिकामी जागा दिसत नाही.
माणसं ऐसपैस बसतात, लेकरं लोळतात,
थोडी आली तरी भरल्यासारखं वाटतं.
रिकामी खुर्ची मात्र
तोंड उघडून तुमच्याकडे बघत राहते.
अशी चौतीस तोंडं.
त्या रात्री मी त्यांनाच उपदेश केला.

मॉर्व्हेन नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.
नोव्हेंबरात तिचा भाऊ गेला,
आर्ब्रोथच्या रस्त्यावर, मोटरसायकलसकट.
सगळे निघून गेल्यावर तिनं विचारलं, का?
आणि माझ्याजवळ उत्तर होतं!
तीन मुद्द्यांचं, वचनांसहित,
वहीत लाल शाईनं अधोरेखित.
ती मान हलवत ऐकत राहिली,
मग कोटाची बटणं लावली,
गळ्यापासून खालपर्यंत, एकेक, सगळी.
पुन्हा आली नाही.

त्या हिवाळ्यात मी तिला सहा मेसेज पाठवले.
सहाव्यात फक्त 'माफ कर' होतं.
आधीचे पाच
मी माझ्यासाठीच लिहिले होते.

तोबेन्ना यायचा तासभर आधी, कांदे चिरायला.
एनुगूला त्याच्या बापानं जमीन विकलेली,
आणि हा दोन विषयांत नापास.
घरी सांगितलं नाही, म्हणाला,
कांद्याच्या आडून रडता रडता.
माझ्या हातात गाजर होतं, सुरी होती,
तोंडात एकही वचन येईना.
म्हटलं, "जरा बारीक चीर."
तो हसला. नाक पुसलं. बारीक चिरू लागला.
पुढच्या गुरुवारी आणखी दोघांना घेऊन आला:
इथे कांदे चिरायला मिळतात म्हणून.

किल्ल्या मात्र माझ्याच कमरेला.
फर्गस म्हणायचा, एकदा मी चालवू का?
मी म्हणायची, बघू.
(माझ्या 'बघू'चा अर्थ 'नाही' होतो
हे त्याला मराठी न येताही कळलं होतं.)
मग फेब्रुवारीत मला ताप भरला.
उशाशी फोन घेऊन पडून राहिले,
आता विचारतील, मग विचारतील.
कुणी विचारलं नाही.
चर्चच्या माळ्याकडून किल्ली मागून घेतली त्यांनी,
सूप करपवलं, प्रार्थना केली, अकरा जण होते,
रात्री दहापर्यंत कुणी उठलं नाही म्हणे.
मला आनंद व्हायला हवा होता.
झाला.
दोन दिवसांनी.

दर रविवारी पप्पांचा फोन: "किती होते गं?"
मी पाच-सहा वाढवून सांगायची.
पाचव्या वर्षी एकदा खरं सांगून टाकलं:
नऊ, पप्पा. नेहमी नऊच्या आसपास.
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, "वरिष्ठांच्या अहवालात
मीही म्हशी धरून मोजायचो,
देवळाच्या आवारात बांधलेल्या."
आम्ही दोघं इतके हसलो
की आईनं फोन काढून घेतला.

मागच्या मंगळवारी मॉर्व्हेन दिसली,
रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर,
अंगात हॉस्पिटलचा निळा गणवेश.
मी हात उचलला.
तिनं पाहिलं की नाही, सांगता येत नाही,
मध्ये बस आली.

आता मी दहा खुर्च्या मांडते.
अकरावं कुणी आलं तर
आतल्या खोलीतून खुर्ची आणायला दोघं जातात,
आणि बराच वेळ परत येत नाहीत.
मी हाक मारत नाही.
सूप मंद आचेवर ठेवते.